स्टेअरिंग जड, की हात?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा अडलं. पंचशील चौकात, उजवीकडे वळताना. स्टेअरिंग असं जड झालं की जणू कोणी खालून धरून ठेवलंय. मागे सगळं नागपूर हॉर्न वाजवून राहिलं होतं. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा कुठे वळलं. प्रेमिला शेजारी. म्हणाली, "सावकाश चालवा ना." गाडी उभी होती. याहून सावकाश मला येत नाही.

तिचं डायलिसिस होईपर्यंत गाडी रामदासपेठेत दवाखान्याच्या मागे झाडाखाली. परतताना एका बोटाने वळत होती. शहाण्या बाळासारखी!

संध्याकाळी नागसेनला सांगितलं. चिरंजीव बँकेत मॅनेजर आहेत, म्हणजे त्यांना सगळ्यातलं कळतं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "रविवारी मी चालवली ना बाबा. मले तर काहीच जड नाही वाटलं."

रविवारी त्याने गाडी कोपऱ्यावर भाजी आणायला नेली होती. एवढ्या प्रवासात बैलगाडीही तक्रार करत नाही.

४ फेब्रुवारी

इंदोऱ्यातल्या मिस्त्रीने बोनेट उघडलं आणि आत बराच वेळ बघत राहिला, दर्शनाला आल्यासारखा. "तेल कमी झालं काका स्टेअरिंगचं." भरलं. "आता पाहा, मक्खन."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मक्खन बर्डीच्या बाजारात, गर्दीत गोठलं.

९ फेब्रुवारी

आज मोठं सर्व्हिस सेंटर. थंडगार हॉल, कॉफी फुकट, टाय लावलेला तरुण. त्याने गाडीला वायर जोडून संगणकाला विचारलं. संगणक म्हणाला, दोष नाही. मग तो स्वतः चक्कर मारून आला – सकाळच्या गारव्यात, रिकाम्या रस्त्यावर. दोष नाही. "तरी सर, तुमचं समाधान होत नसेल तर पूर्ण स्टेअरिंगच बदलून टाकू." म्हणजे दुखत नसलेला दात, पण कवळी बसवून देतो.

निघताना हळूच म्हणाला, "सर, गाडी तुम्हीच चालवता? वय काय तुमचं?"

सांगितलं. त्याने मान हलवली. त्याचं निदान झालं होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजही अडलं. घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण प्रेमिलाने सांगून टाकलं.

नागसेन बाहेर जाऊन एक रबरी चेंडू घेऊन आला. हातात धरून दाबायचा. बोटांना व्यायाम. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला, तेव्हाच कळलं की आता प्रेमाने बोलणार.

"बाबा, राग नका मानू. स्टेअरिंग नाही जड झालं. तुमचे हात जड झाले. उद्या चौकात काही झालं म्हणजे? आई असते सोबत."

सूनबाई अदिती तर तयारीतच होती. माझ्या फोनमध्ये तिने टॅक्सीचं ॲप टाकून दिलं. "बाबा, बस एक बटन. दारात गाडी." किल्ली खिळ्यावरून नागसेनच्या कपाटात गेली.

राग कसला मानायचा? मुलाने बापाला चेंडू आणून दिला. लहानपणी मीही त्याला आणायचो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बटन दाबलं. पहिला येतो येतो म्हणत उलट्या दिशेने गेला, नकाशावर दिसत होता. दुसऱ्याने फोन करून विचारलं कुठे जायचं, आणि रामदासपेठ ऐकून ठेवून दिला. प्रेमिला फाटकाचा दांडा धरून उभी. उन्हात. शेवटी कामठीहून आलेल्या भरल्या ऑटोत एका मुलीने तिला जागा दिली, मी ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर.

उशीर झाला. मशीन कोणासाठी थांबत नाही, मागे दुसरा पेशंट असतो. तिला आज कमी वेळ मिळाला. संध्याकाळी पाय सुजलेले. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.

म्हणाली, "नागसेनले नका सांगू. त्याले वाईट वाटेल."

मलाही वाटलं. पण मला चेंडू आहे.

१५ फेब्रुवारी

दुपारभर विचार केला. टेलिफोन खात्यात मी आयुष्यभर लाइनीतले बिघाड शोधले. लाइन पूर्ण मेलेली असली तर काम सोपं. येऊन-जाऊन होणारी खरखर म्हणजे छळ. ग्राहक शपथेवर सांगतो की खरखर आहे, आपण लावून पाहावं तर आवाज स्वच्छ. पण आम्ही ग्राहकाला वेडा ठरवत नव्हतो. निदान तोंडावर नाही. आम्ही विचारायचो – कधी होते?

तर, कधी होते? जाताना. येताना कधीच नाही. जाताना बर्डीपर्यंत गर्दी, एसी चालू, गाडी रखडत रखडत तापलेली. येताना सावलीत उभी राहून थंड झालेली, आणि दुपारचे रस्ते मोकळे. मिस्त्रीने पाहिली ती थंड गाडी. टायवाल्यानेही थंडच. नागसेनने तर भाजीपुरती.

गाडी तापली की अडते. हात तापून जड होतात असं कोणत्या डॉक्टरने म्हटल्याचं ऐकलं नाही.

नागसेनला सांगायला गेलो. "बाबा, काहून हट्ट करून राहिले तुमी?"

मी म्हटलं, "हट्ट नाही. मंगळवारी तू ने आईले. मी मागे बसतो. एसी लावायचा, आणि बर्डीवरूनच जायचं."

कंटाळून हो म्हणाला. वेड्याला हो म्हणतात तसं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी अर्धी सुट्टी टाकली. मी मागे, प्रेमिला पुढे. कडबी चौकापर्यंत एका हाताने चालवत होता. दुसरा हात मला दाखवण्यासाठी मोकळा ठेवला असावा.

बर्डीवर नेहमीसारखी गर्दी. सरकत सरकत पंचशील चौक आला. त्याने उजवीकडे वळवायला घेतलं. दुसरा हात स्टेअरिंगवर आला. मग कोपरं वर गेली. मग सीटवरून अर्धा उठला.

"अरे," एवढंच म्हणाला.

मी मागून चेंडू पुढे केला. योगायोगाने खिशात होता. म्हणजे मी घेऊनच निघालो होतो.

प्रेमिला इतकी हसली की तिला खोकला लागला. खूप दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं. नागसेन हसला नाही. दवाखान्यासमोर गाडी लावली. नंतर म्हणाला, "बाबा, तुमी इतके दिवस हे ओढत होते?"

म्हटलं, आधी आईला उतरव, वेळ झाली. टोमणा तयार नव्हता.

१९ फेब्रुवारी

कामठीला इक्बाल मिस्त्रीकडे गेलो, नागसेन सोबत. गाडी मुद्दाम भर उन्हात, एसी लावून, गर्दीतून तापवत नेली. दारात पोचल्यावर सांगितलं, इंजिन बंद करायचं नाही, आधी स्टेअरिंग फिरवून पाहा. त्याने फिरवलं. "अरे बाप, जाम है काकाजी."

मग त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली. तरी जड. म्हणजे टायरचा दोष नाही. पट्टा पाहिला, तेल पाहिलं, सगळं ठीक. तो स्टेअरिंगच्या पंपाकडे वळला. म्हटलं, थांब. लाइनीत बिघाड सापडत नाही तेव्हा आम्ही लाइन मध्येच तोडायचो आणि दोन्ही बाजू वेगळ्या तपासायचो. स्टेअरिंगचा दांडा खाली जिथे जोडला आहे तिथे सोडव.

सोडवला. खालची चाकं हाताने सहज वळली. वर स्टेअरिंग मात्र तसंच अडून बसलेलं. बिघाड मधल्या तुकड्यात! दांड्यात एक जॉइंट असतो, सायलेन्सरच्या नळीजवळ. ग्रीस केव्हाच वाळून गेलेलं. तापलं की आवळायचं, थंड झालं की सुटायचं. मुठीत मावेल एवढी वस्तू. इक्बाल म्हणाला, "मैं तो पंप ही खोल देता काकाजी." निदान खरं बोलला.

नवा जॉइंट बसवला. परतताना मी चालवली. कामठी रोडवर नागसेन म्हणाला, "सॉरी बाबा." खिडकीकडे पाहून म्हणाला, पण मोबाइल खिशात होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

किल्ली पुन्हा खिळ्यावर. बर्डी, गर्दी, एसी, पंचशील चौक, सगळं पार पडलं. एका हाताने वळवली. दुसरा हात प्रेमिलाला दाखवला.

दिवसभरात शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, विहारात भेटलेल्या सगळ्यांना जॉइंटची गोष्ट सांगितली. प्रेमिला म्हणते, "आता भंतेजींनाबी सांगा." त्यांना आधीच सांगून झालं होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

परतताना, इंदोरा चौक. लख्ख ऊन, रस्ता मोकळा, स्टेअरिंग हलकं. लाल दिवा मला दिसला नाही. रस्ता ओलांडणारी बाईही दिसली नाही. प्रेमिलाने माझा दंड धरला, म्हणून ब्रेक लागला. बाईची पिशवी बोनेटला घासून फाटली. ती वाकून तांदूळ गोळा करत होती आणि मी स्टेअरिंग धरून बसलो होतो.

संध्याकाळी किल्ली नागसेनच्या हातात दिली. म्हटलं, आईला आता तूच नेत जा.

"काहून? गाडी तर ठीक झाली ना बाबा."

म्हटलं, "जुनी झाली रे. भरवसा नाही तिचा."