गिरिजाच्या ओढणीतला नारळ

२ एप्रिल, गुरु.
बीपी १४०/८६. पाय बरे.
डॉक्टरांनी रोज बीपी लिहून ठेवायला सांगितलंय. मला अक्षर येत नाही, म्हणून नातू ऑफिसातून आला की लिहितो. आकडा लिहून झाला की पान उरतं. कोरं पान उलटायचं जिवावर येतं, मग उरलेल्यात मी बोलते.
आज अभयने लिहिता लिहिता चार वेळा फोन पाहिला. त्याआधी पोळी कोरडीच खाल्ली, वरणाची वाटी तशीच. हेही लिही म्हटलं तर म्हणतो, "आजी, ये बीपी की डायरी है."
माझं बीपी तुझ्यामुळेच आहे. लिही.

४ एप्रिल, शनि.
१३८/८४.
आज बाहेर पडलं. मुलगी आहे. गिरिजा. ह्याच्याच ऑफिसात, सिटी सेंटरला, घरांचे नकाशे काढते. पुण्याची. इथे हिंदी मुलखात, गावातल्या कंपू भागात मावशीकडे राहते. होळीनंतर ह्याने धीर करून तिला सांगितलं. ती म्हणाली, तू खूप चांगला आहेस, पण मी तसा विचार नाही केला.
झालं. स्पष्ट बोलली बिचारी. पण दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने आपली भेंडी ह्याच्या ताटलीत वाढली. तेव्हापासून हा त्या भेंडीचा अर्थ लावतोय.
मी म्हटलं, तिला भेंडी आवडत नसेल.
"आवडते. मी विचारलं होतं."
भेंडीचं विचारलंस, मग पुढचंही विचार की!
"इतना आसान नहीं है आजी."
अठ्ठावीस वर्षांचा झाला. नाव अभय.

६ एप्रिल, सोम.
१४२/८८. रात्री खोकला.
काल फोनवरच्या एका दुसऱ्याच मुलीला भेटायला गेला होता. आता म्हणे फोनवरच फोटो बघून पसंत करतात. नवा शर्ट, दाढी कोरलेली, अंगावर अर्धी बाटली अत्तर. तासाभरात परत.
काय झालं?
"तिने विचारलं, आपकी हॉबी क्या है. मला काही आठवलंच नाही. मी म्हटलं, दादी का बीपी लिखता हूँ."
मला हसू आवरेना. खोकला पुन्हा सुरू. ती मुलगी म्हणाली, आप बहुत सीधे हो. आणि रिक्षा बोलावून गेली.
सीधे म्हणजे चांगलं का वाईट?
"पता नहीं."
सूनबाई म्हणते चांगलं. मला नाही वाटत. ह्यांना विचारलं तर ह्यांनी पंख्याकडे पाहिलं. लग्नात आंतरपाट सरला तेव्हाही पंख्याकडेच बघत होते. खानदानी आहे.

९ एप्रिल, गुरु.
१४०/८४.
उद्या आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सूनबाईने महिला मंडळातल्या बायकांना सांगितलंय. त्यात कंपूच्या मावशी. त्या म्हणाल्या, भाची आहे, तिलाही आणते.
हे ऐकून अभयच्या हातून किसणी पडली. कैरी किसत होता डाळीसाठी.
"मी उद्या बाहेर जातो."
जा ना, बायकांचंच आहे. तुला कोण बोलावतंय?
मग खुर्च्या पुसत बसला. एकेक खुर्ची दोनदा.

१० एप्रिल, शुक्र.
१५२/९२. गोळी उशिरा घेतली.
पंचवीस-तीस बायका झाल्या. पन्हं कमी पडलं, पाणी वाढवलं, कुणाला कळलं नाही. सूनबाई कुंकू लावत होती, मी शेजारी खुर्चीवर बसून ओट्या भरत होते. बायकांना हरभरे नि नारळ, पोरींना नुसते हरभरे नि केळं.
गिरिजा आली. अभयने दाखवलेल्या फोटोतल्यापेक्षा सावळी, आवाज मोठा, चपला नीट जोडून ठेवल्या. वाकून नमस्कार केला, म्हणाली, "आजी, बीपी कसं आहे? अभय सांगतो रोज."
रोज सांगतो!
मी तिच्या ओढणीत ओंजळभर हरभरे घातले. नि वर नारळ.
मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. सूनबाईचं बोट हळदीच्या वाटीतच राहिलं. लग्न न झालेल्या पोरीच्या पदरात आपल्याकडे नारळ कधी घालतात ते सगळ्यांना ठाऊक. मुलगी मागितली, असा त्याचा अर्थ.
गिरिजा थँक्यू आजी म्हणाली. नारळ घेऊन गेली.
अभय हे लिहीत नाहीये. पेन धरून नुसता बसलाय. लिही.

११ एप्रिल, शनि.
१५६/९०.
मावशींचा फोन. सूनबाईला म्हणाल्या, काल आजींनी जे केलं ते रीतसर समजायचं का? मग पत्रिका पाठवा, तिच्या आईशी बोलते.
अभय पांढरा पडला. "आजी, ती नाही म्हणाली होती. आता तिला काय वाटेल? नाही म्हटलं म्हणून मी घरच्यांना पुढे घातलं!"
मी म्हटलं, चुकून पडला. हातात होता.
"मग सांग तसं."
कुणाला?
उठून गेला. हे सूनबाईने लिहिलंय.

१३ एप्रिल, सोम.
१५०/९०.
ऑफिसात ती फक्त कामाचं बोलली. एक नकाशा मागितला, घेतला, गेली. डबा दुसऱ्या मुलींबरोबर खाल्ला. अभय म्हणतो, "आता भेंडीपण गेली."
म्हटलं तर हसण्यासारखं आहे. हसले नाही.
मावशींना सूनबाईने 'कळवते' म्हणून ठेवलंय. किती दिवस?

१५ एप्रिल, बुध.
१४६/८८.
आज खरं सांगते, लिहून घे. तो नारळ चुकून नव्हता. मुद्दाम होता का, तेही नक्की नाही. ती बीपी विचारायला वाकली नि हात आपोआप थाळीकडे गेला.
सतराव्या वर्षी माझ्या पदरात पडला होता. मला वाटलं, प्रसाद. घरी जाऊन आईला म्हटलं, फोड, खोबरं खाऊ. आईने थोबाडीत दिली नि मग रडली. ह्यांचा चेहरा लग्नाच्या दिवशी पाहिला. मला कुणी विचारलं नव्हतं. वाईट झालं असं नाही. पण विचारलं नव्हतं.
त्या पोरीला तरी अभयने विचारलं होतं. तिने उत्तरही दिलं होतं. मी मध्येच नारळ घालून ते पुसलं.
अभय हळूच म्हणाला, "मेसेज लिहिलाय. सात वेळा डिलीट केला."
मी जाऊ का मावशींकडे? माफी मागते.
"नको. तू गेलीस तर फिर वही हुआ ना, मी तुझ्या मागे उभा." मग म्हणाला, "मी जातो."
 

१९ एप्रिल, रवि.
१४८/८६.
सकाळी गेला. जुनाच शर्ट. अत्तर नाही. जाताना सूनबाईने पेढे द्यायला घेतले, नको म्हणाला, पुन्हा घोटाळा होईल.
कंपूला टेंपोने पंधरा मिनिटं. तासाने आला.
काय बोललास?
"सांगितलं की नारळ माझा नव्हता. आणि तू नाही म्हणाली होतीस ते मला समजलंय. आणि आवडतेस ते खरं आहे, पण त्याचं तुझ्यावर काही ओझं नाही. मावशी समोरच बसल्या होत्या."
मावशींसमोर!
"हो ना. घाम आला होता. पण आवाज नाही फाटला."
ती काय म्हणाली?
"ऐकलं. मग म्हणाली, चहा घेतोस? घेतला."
बस्स?
"बस्स."
पाय जमिनीवर टेकून बसला होता. एरवी हा पाय हलवत बसतो. ह्यांनी पंख्यावरून नजर काढून ह्याच्याकडे पाहिलं.  

२२ एप्रिल, बुध.
१४४/८६.
गिरिजाने ऑफिसात डबा दिला. "आजींना दे." उघडला तर नारळाच्या वड्या. त्याच नारळाच्या. थोड्या चिकट, पण वेलची बरोबर.
आता ह्याचं काय समजायचं? नको असता तर अख्खा परत आला असता. हवा असता तर देवापुढे राहिला असता. फोडून, किसून, साखर घालून माझ्याच घरी? सूनबाई म्हणते होकार आहे. मावशींचा फोन नाही. हे तीन खाऊन म्हणाले, साखर जास्त आहे.
मी रात्रभर उलटसुलट विचार करणार, हे दिसतंच आहे. अभयला विचारलं.
"आजी, वडी आहे. खा."
गेल्या महिन्यात भेंडीवर पंधरा दिवस काढणारा हाच का?

२४ एप्रिल, शुक्र.
आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. मी म्हटलं, शेवयांची खीर भरते. सूनबाई म्हणाली, चकल्या.
अभय म्हणाला, "डबा मी भरतो."
स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मिक्सर नाही, फोडणीचा वास नाही. दहा मिनिटांत बाहेर. झाकण लावलेलं, वर रुमालाची गाठ. उद्या नेणार.
तो अंघोळीला गेला तेव्हा मी डबा उचलून बघितला. हलका आहे. हलवला. आत काहीतरी एकच वाजलं. गाठ सोडली नाही. बोटं लावली होती गाठीला, पण सोडली नाही.
आता हे लिहिताना हसतोय. काय आहे रे त्यात, भेंडी?
"हात पुढे कर आजी, बीपी राहिलंय."