धाकू परबांची अर्धी मोटार

बोरिवली (पूर्व),
१० नोव्हेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुझं कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, आणि विषय असा आहे की पहिल्याच वाक्याला तू फोन ठेवशील. पत्र निदान रागारागाने तरी पुरं वाचशील.

विषय बाबांच्या गाडीचा. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं ठरलं. ३१ डिसेंबरपर्यंत मागची पत्र्याची शेड मोकळी करायची, नाहीतर बिल्डरची माणसं गाडी उचलून भंगारात टाकणार. वीस वर्षं ती तिथे उभी आहे. तिच्या मागच्या हौद्यात मांजरांच्या किती पिढ्या जन्मल्या असतील देव जाणे.

परवा लेक गंधाली तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला, दीप्तीला, घेऊन आली. या मुलीचं मुलुंडला जुन्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. तिने गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि चहा थंड केला. मग म्हणाली, फेब्रुवारीत अंधेरीला जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, त्यात ही उतरवूया. तोवर गाडी ती आपल्या गॅरेजात नेईल आणि चालती करेल. अडचण एकच. गाडी अजून बाबांच्या नावावर आहे, तेव्हा आपण दोघांनी, म्हणजे वारसांनी, नोटरीपुढे सही करून संमतिपत्र द्यायला हवं. माझी सही झाली, तुझी तेवढी राहिली आहे. कागद सोबत जोडला आहे.

तू त्या गाडीला गाडी म्हणत नाहीस हे मला ठाऊक आहे. पण दादा, तुझं इंजिनिअरिंग आणि माझं डी.एड. त्याच हौद्यातल्या बर्फाच्या लाद्यांवर झालं. मी शाळेत मुलांना हे अगदी मान वर करून सांगायचे. ती भंगारात गेलेली मला बघवणार नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, त्यातला थोडा गाडीच्या वाट्याला येऊ दे.

तुझी,
उत्तरा

—

पिंगुळी, ता. कुडाळ,
१९ नोव्हेंबर २०२४

सौ. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रागारागाने पुरं वाचलं. सही पाठवत नाही. भंगारवाला नेत असेल तर नेऊ दे, त्याला चहाही पाज.

तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, तुला मोटारीचा भोंगा आठवत असेल. मी तेरा वर्षांचा होतो, मला सगळं आठवतं. सातवीच्या स्कॉलरशिपला नंबर काढलास तर बक्षीस समारंभाला स्वतःच्या मोटारीतून नेईन, असं बाबांनी मला कबूल केलं होतं. मी जिल्ह्यात नंबर काढला. तेव्हाच बाबांनी गिरणी सोडली होती, आणि एक दिवस येऊन सांगितलं की मॉरिस मायनर ठरवली. मी वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं. वहीच्या मागच्या पानावर तिचं चित्रही काढलं, चार दारांचं.

त्या रविवारी मालाडच्या चाळीतली झाडून सगळी पोरं नाक्यावर उभी होती. कोपऱ्यावर तिचं तोंड दिसलं. काय रुबाब होता! गोलगरगरीत बॉनेट, बटाट्याएवढ्या डोळ्यांचे दिवे. मग ती वळली, आणि मागे काहीच नव्हतं. मागची सीट नाही, टप नाही, डिकी नाही, नुसता उघडा हौदा. अख्खी चाळ हसली. मी बाबांना विचारलं की हिला कोणी कापलं. ते म्हणाले, मीच कापून घेतली, बर्फाच्या धंद्याला.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या फळ्यावर अर्धी मोटार काढलेली होती. दहावीपर्यंत माझं नावच ते पडलं. बक्षीस समारंभाला मी आईबरोबर चालत गेलो. बाबा फाटकाशी गाडी घेऊन उभे होते, मी त्यांना ओळख न दाखवता पुढून गेलो. त्यानंतर त्या गाडीत मी कधी बसलो नाही.

मोटार परवडत नाही म्हणाले असते तर मी एका शब्दाने बोललो नसतो. पण माझ्या नावाने ठरवलेली चांगली चार माणसांची मोटार त्यांनी बर्फासाठी कापली, हे मला आजही गिळवत नाही. आणि आता ती कापलेली गाडी तू त्या हौशी लोकांच्या चकचकीत गाड्यांमध्ये नेऊन उभी करणार? एकदा हसं झालं तेवढं पुरे.

सुपारी यंदा बरी आहे. पाठवतो. रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस, मला इथे दुसरं कोण लिहितं?

तुझा,
दादा

—

बोरिवली (पूर्व),
१ डिसेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी बस. शेजारी पाण्याचा तांब्या घे. मग वाच.

तुझं पत्र मी दीप्तीला वाचून दाखवलं. (हो, दाखवलं. ओरड.) ती गोणपाट अंथरून गाडीखाली शिरली. पंधरा मिनिटांनी डोक्यात जळमटं आणि तोंडभर हसू घेऊन बाहेर आली, आणि म्हणाली की ही गाडी कोणी कापलेलीच नाही.

तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते, तू इंजिनिअर आहेस, तुला जास्त कळेल. मॉरिसच्या चार माणसांच्या मोटारीला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नसते, सगळा भार अंगच्या पत्र्यावरच असतो. ती मागून कापली तर कंबरेतून बसेल. आपल्या गाडीच्या खाली मात्र पुढून मागपर्यंत जाड लोखंडी चासी आहे. विलायतेतल्या कारखान्याने काही मोटारी मुद्दाम अशा केल्या होत्या, पुढून मोटार आणि मागे हौदा. आपल्या पत्र्याच्या ट्रंकेतलं आरसी बुकही मी काढलं. त्यात १९५६ साल आहे आणि स्वच्छ इंग्रजीत पिकअप लिहिलं आहे. बाबा मराठी चौथी शिकलेले, ते काय वाचणार! दीप्तीच्या माहितीत मुंबईत अशी दुसरी नाही.

मग बाबा का म्हणाले मीच कापली म्हणून? शेवटी काल मालाडला भाऊरावांकडे गेले. बाबांचे गाववाले, बर्फाच्या कारखान्यात होते ते. शहाऐंशीचे झाले, पण दात आणि आठवण दोन्ही शाबूत. मी विचारलं तर आधी हसत सुटले, मग डोळे पुसत बसले.

त्यांनी सांगितलं ते असं: बाबांनी ठरवली तेव्हा गाडी अंधेरीला एका बंद पडलेल्या बिस्किट कारखान्यात होती. अरुंद शेड, तोंड बाहेर, आणि पाठीमागे टपापर्यंत पोत्यांची थप्पी. बाबांनी बॉनेट बघितलं, स्टिअरिंग फिरवलं, भोंगा वाजवला आणि तिथल्या तिथे शब्द दिला. मागे काय आहे हे विचारावंसंच त्यांना वाटलं नाही. मोटारीला पुढचं असतं तसं मागचंही असणारच ना! ठरल्या दिवशी भाऊरावांना सोबत घेऊन गेले, पोती हलवली आणि बाबा मटकन पायरीवर बसले. विकणाऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. भाऊराव म्हणाले परत कर, पण बाबांनी शब्द मोडला नाही.

येताना वाटेत त्यांनी भाऊरावांना शपथ घातली. भाऊरावांनी ते मालवणीतच सांगितलं, तसंच लिहिते. माझो झील नंबरात इलो, तेचो बापूस खुळो आसा ह्यां तेका कळाक नको. नंबरात आलेल्या मुलाला बाप खुळा वाटू नये म्हणून त्यांनी कापल्याची थाप मारली. आणि थाप मारली म्हणून दुसऱ्या दिवशी भाऊरावांच्या हातापाया पडून बर्फाचा धंदा धरला. दादा, आधी थाप झाली आणि मग धंदा झाला. तुझी मोटार त्यांनी बर्फासाठी कापली नाही रे. तुझ्यापुढे अडाणी ठरण्यापेक्षा त्यांना निर्दय ठरणं बरं वाटलं.

मी काल रिक्षात रडले, रिक्षावाल्याने घाबरून मीटर बंद केला. कागद पुन्हा जोडते आहे. तीस दिवस आहेत.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, आणि तुझ्यावर तितकीच माया असलेली,
उत्तरा

—

पिंगुळी,
९ डिसेंबर २०२४

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

सही करून कागद सोबत पाठवला आहे. नोटरीने तीनदा विचारलं की राजीखुशीने करता ना. डोळे पुसत सही करणारा माणूस त्याने पाहिला नसावा.

पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. धरणाच्या भिंतीला केसाएवढी चीर असली तरी वाकून, रांगत जाऊन बघायचो. घरच्या गाडीखाली मात्र एकदाही वाकलो नाही. वाकलो असतो तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी त्यांचं आरसी बुक कधी उघडलं नाही. आपल्या घरात अडाणी कोण होतं, ते आता तूच ठरव.

त्या फाटकाशी ते किती वेळ थांबले असतील, हा एकच प्रश्न डोक्यातून जात नाही.

दीप्तीला सांग, ब्रेकची काळजी घे, आणि चासीला लावायच्या रंगाबद्दल मला विचारल्याशिवाय काही करू नकोस. मेळाव्याला मी येतो आहे. गाडी मी चालवणार. यावर पत्रव्यवहार होणार नाही.

तुझ्या मायेला पात्र व्हायची खटपट करणारा,
दादा

—

बोरिवली (पूर्व),
२६ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं वहिनींनी कळवलं. तू स्वतः कळवणारा कधी होणार?

रविवार अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मैदानात चहूकडे लांबलचक राजेशाही गाड्या, त्यांचे टोपीवाले मालक, आणि मध्ये आपली ती राखाडी चिमुरडी. दीप्तीने तिला नवरीसारखी सजवली नाही हे फार चांगलं केलं; हौद्यातले बर्फाच्या लाद्या ओढायच्या आकड्यांचे ओरखडे तसेच ठेवले. माणसं आपल्याच गाडीभोवती जमली होती. निवेदकाने तुला दोन वाक्यं बोलायला सांगितलं आणि तू माईक घेऊन चासीवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलंस. दोघा परीक्षकांना तर तू खाली वाकून बघायलाच लावलंस. दुर्मीळ गाडीचं बक्षीस जाहीर झालं तेव्हा तू मालकाचं नाव धाकू सोमा परब असं इतक्या मोठ्याने सांगितलंस की माईक नसता तरी जुहूपर्यंत गेलं असतं. मी एवढ्या अभिमानाने कधीच रडले नव्हते. दीप्ती म्हणते, आता गाडी बाहेर दिसेल तिथे लोक थांबवून विचारणार.

पण तुला एक जाब द्यायचा आहे. सोमवारी सकाळी उठून बघते तर तू नाहीस आणि गाडीही नाही. दोन तासांनी आलास, अंगाला मासळीचा वास, डोळे लाल, आणि बॅग भरून ट्रेन पकडायला निघालास. कुठे गेला होतास?

सगळं खरं लिही. लोभ तर मागून घ्यायची गरज नाही, तो मी वसूल करते.

तुझी,
उत्तरा

—

पिंगुळी,
५ मार्च २०२५

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

गोराईच्या धक्क्यावर गेलो होतो. बाबा रोज सकाळी मासळीसाठी बर्फ घेऊन ज्या रस्त्याने जायचे, तो एकदा चालवून बघावा एवढंच मनात होतं. तिथे मला कोणी ओळखण्याचं कारण नव्हतं; मी त्या धक्क्यावर जन्मात गेलो नव्हतो.

गाडी उभी केली तर टोपल्या लावत बसलेली एक म्हातारी उठून आली. शेवंतीबाई तिचं नाव, सत्तरीच्या पुढची. तिने आधी बॉनेटवर हात ठेवला, आपण गाईच्या पाठीवर ठेवतो तसा. मग मला निरखून विचारलं, धाकूशेटचा इंजिनिअर मुलगा तूच काय? मी हो म्हटलं. बाई चक्क रागावली. विचारायला लागली की चंद्रपूरच्या त्या उन्हात मला तीन वर्षं का ठेवलं होतं, बाप इथे लाद्या उतरवताना रोज हळहळायचा.

उत्तरा, नोकरी लागल्यापासून मी बाबांना एक पत्र लिहिलं नाही. जे काही कळवायचं ते आईला कळवायचो, आणि आई त्यांना सांगत असेल की नाही याची कधी चौकशी केली नाही. माझी बदली कुठे झाली हे त्यांना ठाऊकही नसेल, असंच मी धरून चाललो होतो.

त्या बाईने बोटांवर मोजत मला माझ्या बदल्यांची गावं सांगितली. चंद्रपूर, नांदेड, पैठण, कोल्हापूर, मग पुन्हा नांदेड. एकही चुकलं नाही.

तुझा,
दादा