भावोजींच्या सायकलीचं सीमोल्लंघन

भवानीपूर, कोलकाता
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप अविनाश भावोजी यांना जयप्रकाशचा, आणि माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्या सुलभाचा, वाकून नमस्कार. (माझा थोडा कमी वाकून. कारण पुढे येईलच.)

आपला गुडघा कसा आहे? निर्मलाताई फोनवर म्हणते की ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर खूश आहेत, गुडघाही खूश आहे, फक्त गुडघ्याचा मालक खूश नाही. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसतो, सोसायटीच्या फाटकापर्यंत चल म्हटलं तर 'उद्या' म्हणतो, आणि कोलकात्याला येण्याचा विषय काढला की पेपर उघडतो. मी तिला म्हटलं, ताई, तू काळजी करू नकोस. भावोजींसारखा माणूस, ज्यानं ऐन उमेदीत घाटातल्या शर्यती मारल्या, तो फार दिवस बसणारा नव्हे. असो. ताईने पाठवलेली आपट्याची पानं वेळेवर पोचली. इथे आपटा मिळत नाही, त्यामुळे इथल्या आम्हा मराठी घरांचं सगळं सोनं दरवर्षी तुमच्या अंगणातूनच येतं. या वर्षी ते जरा वेगळ्या घरांत गेलं, तेही पुढे येईलच.

आता आनंदाची बातमी. तुमची ती दहा गिअरची पोलादी रेसर सायकल मी सुधारली. तुम्ही ती रेल्वेने माझ्याकडे पाठवलीत तेव्हा 'चालवू नकोस, नुसती पुसत जा' असं बजावलं होतं, आणि ते मी तंतोतंत पाळलं. पावसाळाभर पुसली. (बँकेतून आल्यावर चहाच्या आधी. सुलभाला विचारा, तिच्या दोन जुन्या सुती साड्या त्यात गेल्या.) पण पुसता पुसता माणूस विचार करतो. गिअरचा सांगाडा प्रवासात वाकला होता, साखळी मनाला येईल तिथे उडी मारत होती, आणि मुळात कोलकात्यात गिअर हवेत कशाला? हे शहर पोळपाटासारखं सपाट आहे. चढ म्हणून जे काही आहे ते फ्लायओव्हर, आणि तिथे सायकलला मज्जाव. तेव्हा मी अभ्यास केला, मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले, आणि सायकल 'फिक्स्ड गिअर' करायचं ठरवलं. साध्या सायकलीला पाय थांबवले तरी चाक आपलं पळत राहतं. या प्रकारात ती सोयच नाही. मागच्या चाकाचं दातेरी चक्र चाकाला पक्कं जखडलेलं, त्यामुळे चाक फिरलं की पेडल फिरणार आणि पेडल फिरलं की तुमचा पाय फिरणार, तुमची इच्छा असो वा नसो. थांबायचं असेल तर पेडल उलट दाबून धरायचं. ब्रेक लागतच नाहीत. म्हणून मी ब्रेकही काढून ठेवले. सायकल इतकी देखणी दिसू लागली की शेजारचे दासबाबू तिला पाहायला चष्मा बदलून आले.

तसं चक्र दुकानात मिळेना, म्हणून सायकलीसकट फेरीबोटीत बसून हावड्याला गेलो. तिथे लेथवर काहीही कातून देणारे मंडलबाबू आहेत. माणूस माझ्यासारखाच, म्हणजे आत्मविश्वासाने भरलेला. आम्ही दोघांनी मिळून चुकीची मापं दोनदा काढली आणि तिसऱ्यांदा चक्र अगदी झकास बसलं. त्याच्यावर उलट्या आट्यांची एक रिंग लागते. ती नसेल तर पेडल उलट दाबताना चक्र आपल्या आट्यांवरून सुटून येतं. ती रिंग कधी, असं विचारल्यावर मंडलबाबू म्हणाले, "पुजोर पोरे." भावोजी, तुम्हाला कल्पना नाही, भाद्रपद लागला की या शहरातल्या प्रत्येक प्रश्नाचं हेच उत्तर असतं. नळ गळतोय? पूजेनंतर. दाताचा डॉक्टर? पूजेनंतर. विश्वकर्मा पूजेला त्यांनी लेथला हार घातला आणि त्यांचं मन जे मांडवाकडे गेलं ते परत आलंच नाही. आता मला सांगा, मराठी माणसाने नवी वस्तू कधी बाहेर काढायची? दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण मुहूर्त एका रिंगेसाठी कसा सोडायचा? इथले लोक सगळी कामं दसऱ्यानंतर सुरू करतात आणि आपण दसऱ्याला, एवढाच काय तो फरक. मी म्हटलं, रिंग मागाहून येईल.

तर दसऱ्याला सायकलची यथासांग पूजा केली. हळदकुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा भरघोस हार. संध्याकाळी रेशमी धोतर नेसून, आपट्याची पिशवी गळ्यात अडकवून, दोन गल्ल्यांपलीकडच्या मराठी बिऱ्हाडात, विवेक-केतकीकडे, सोनं द्यायला निघालो. सुलभा म्हणाली, चालत जा. मी म्हटलं, सीमोल्लंघन आहे, वाहनाने झालं पाहिजे. (धोतराबद्दल ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.) सीटला मी हात लावला नव्हता, ती तुमच्याच मापाची होती. तुम्ही सहा फुटांजवळचे आणि मी नाही, त्यामुळे फाटकाच्या कट्ट्यावरून बसावं लागलं आणि एकदा बसल्यावर पाय जमिनीला लागायचा प्रश्नच उरला नाही. पण पहिली गल्ली काय सुरेख गेली! टिकटिक नाही, खडखड नाही. दासबाबूंना मी एक हात सोडून नमस्कारसुद्धा केला.

गल्लीच्या तोंडाशी आमच्या पाड्याच्या (म्हणजे मोहल्ल्याच्या) क्लबाची दुर्गाविसर्जनाची मिरवणूक आडवी आली. मी शांतपणे पेडल उलट दाबलं. चक्र तितक्याच शांतपणे सुटलं. पाय उलटे गरगर फिरू लागले आणि सायकल सरळ पुढे. अशा वेळी सामान्य माणूस घाबरतो. मी पाय पुन्हा पुढे मारले, चक्र पुन्हा घट्ट बसलं (मंडलबाबूंचं काम खरंच चोख), आणि त्याच क्षणी माझ्या धोतराचा सोगा साखळीत शिरला. साध्या सायकलीत पाय थांबवता येतात. इथे चाक पेडल फिरवत होतं, पेडल साखळी, आणि साखळी धोतर. पाठोपाठ झेंडूचा हारही आत गेला. मी एका ढाकवाल्याला (ढाक म्हणजे इथला गळ्यात अडकवायचा मोठा ढोल) मागून मिठी मारून थांबलो आणि मग तिथेच सायकलसकट बसता झालो. त्याने ताल सोडला नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

ढाकवाल्याला काही झालं नाही. पण धोतर निघेना. ते सोडवायला सायकल मागे न्यायला हवी होती आणि मागे आख्खा पाडा नाचत होता. शेवटी क्लबाचे सेक्रेटरी घोषालबाबू यांनी हुकूम सोडला आणि चार जणांनी मला सायकलसकट उचलून टेम्पोवर ठेवलं, नेमकं देवीशेजारच्या गणपतीच्या पायाशी. त्या गर्दीत ओळखीचा चेहरा पाहून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मला कोणी काही विचारलं नाही. हार, कुंकू, रेशमी धोतर, मी देखाव्यातलाच वाटलो असणार. लोक ओरडत होते, "आस्छे बोछोर आबार होबे!" मी ओरडत होतो, "पुढच्या वर्षी लवकर या!" अर्थ एकच. मग म्हटलं, दसरा आहे, पिशवी गळ्यात आहे, कोणाला तरी सोनं द्यायलाच हवं. टेम्पोवर सगळ्यांना वाटलं. एका म्हाताऱ्या बाईंनी "एटा की पाता?", हे कसलं पान, म्हणून विचारलं आणि पान कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधलं. भावोजी, इथे बदली झाल्यापासून मी इतका आपलेपणाने दसरा केला नव्हता. तुमच्या अंगणातलं झाड इतक्या लांब पोचलं, आणि तुम्ही गॅलरीत बसून होतात, याचं तेवढं मला वाईट वाटलं. नदीच्या घाटावर घोषालबाबूंनी कात्रीने धोतर कापलं आणि मला रिक्षाने घरी पाठवलं.

एकूण प्रयोग यशस्वी झाला. रिंग आणि दोन ब्रेक एवढीच काय ती किरकोळ भर घालायची आहे.

आपला आज्ञाधारक,
जयप्रकाश

ता. क. एक सांगायचं राहिलं. सायकल क्लबाने ठेवून घेतली आहे. घाटावर घोषालबाबूंनी सायकल कोणाची असं विचारलं आणि मी प्रामाणिकपणे 'माझ्या जामाइबाबूंची' म्हणून सांगितलं. जामाइबाबू म्हणजे बहिणीचा नवरा, आणि इथे त्याचा मान म्हणजे काही विचारू नका. ते म्हणतात, वस्तू जामाइबाबूंची असेल तर जामाइबाबूंच्याच हातात देऊ, आणि जेवू घातल्याशिवाय सोडणार नाही. मी पुष्कळ समजावलं. तेव्हा नाइलाज आहे, दिवाळीला तुम्हाला जातीने यावं लागेल. दोघांची तिकिटं काढून ठेवली आहेत. खालचा बर्थ आहे.

ता. ता. क. भावोजी, मी सुलभा. हे पोस्टाची तिकिटं शोधायला गेलेत तेवढ्यात लिहिते. सायकल क्लबात नाही, दुसऱ्याच दिवशी घोषालबाबू स्वतः आणून देऊन गेले. जेवणाचं आमंत्रण मात्र खरं आहे. रिंग बसली, पुढे-मागे ब्रेक लागले, आणि सायकल तुम्हाला जागेवरच चालवता यावी म्हणून यांनी मंडलबाबूंकडून लोखंडी स्टँडही करून आणला. तुमच्या डॉक्टरांना यांनी श्रावणातच फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले होते, गुडघा हळूहळू फिरत राहिला पाहिजे, पण हा माणूस पाय मध्येच थांबवतो. हे पत्र यांनी उभ्याने लिहिलंय, अजून बसवत नाही. सीट तरी खाली करा म्हणून मी रोज सांगते. म्हणतात, ते माप भावोजींचं आहे, त्याला हात लावायचा नाही.