गळके द्रोण

तळोदे, मंगळवार. आषाढ, शके १८५८. दिवेलागण.

जगली! सातही रोपं जगली! लावून आठ दिवस झाले, पण एकानंही मान टाकलेली नाही.

गेली दोन वर्षं पपईची रोपं वाफ्यातून उपटून लावली आणि दोन्ही वर्षं मेली. मूळ दुखावलं की पपई रुसतेच. म्हणून यंदा बी पळसाच्या द्रोणांत टाकलं, एका द्रोणात एकच. रोप वाढलं की द्रोणासकट खड्ड्यात ठेवायचं. पान मातीत कुजेल, मुळाला हात लागायला नको.

पण पाणी साचू नये म्हणून द्रोणाला भोक हवं. शेजारची गोजरमाय लग्नाच्या पंगतींना पत्रावळी-द्रोण पुरवते. तिला भोकाचे द्रोण मागितले तर केवढी भडकली! "मन्हा द्रोणमाईन थेंब गळत नई, मास्तर! आनि तू भोक पाडाले सांगस?" शेवटी भोकं मीच पाडली, तिच्या नजरेआड. पण मागितल्यापासूनच तिचा अबोला. मी मागायलाच नको होतं का?

लावताना एका भोकातून पांढरं मूळ डोकावत होतं. दोऱ्याएवढं. ते तुटलं तर? श्वास रोखूनच खड्ड्यात ठेवलं. आज त्याच रोपाला सगळ्यांत मोठं पान! ते दोऱ्याएवढं मूळ काही डोळ्यांपुढून जात नाही.

मघाशी गोजरमाय आली. रोपांपाशी बराच वेळ वाकून उभी होती. घरी जाऊन परत आली, ओट्यावर नव्या द्रोणांची चवड ठेवली. "मन्हा दारमा बी एक लाव," एवढंच म्हणाली.

एक द्रोण कंदिलापुढे धरला. मग दुसरा. मग सगळेच.

प्रत्येकाच्या तळाला भोक आहे. तिनं स्वतःच्या हातानं पाडलेलं.