दोन बोटं आखूड

दि. ३ मार्च, मंगळवार

चि. धाकट्यास अ. आ. रीत आहे म्हणून लिहिले, त्यावर जाऊ नकोस.

आणि वर तुझी ही हिंमत, की माझ्या पोरीला सुजल्या पायानं एकटीला बसमध्ये बसवून दिलंस आणि हातात चिठ्ठी दिलीस, की थोडं लचकलंय, आठ दिवसांत पळायला लागेल! पळेल? टिटवीला काल मोरीपर्यंत मी काखेत हात घालून नेलं. सतरा वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच पोर, भिंत धरून रडते. दुखतंय म्हणून नाही रडत. उभं राहिलं की गुडघा आतल्या आत सरकतो, माझा पाय मलाच ओळखत नाही, म्हणते.

फोन करू नकोस. तीनदा वाजला, तीनदा मीच बंद केला. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. कागदावर बोल. माझी शाळा तिसरीत सुटली, पण मला वाचता येतं, आणि कागद जपून ठेवता येतो.

काय झालं ते सगळं वदवून घेतलंय तिच्याकडून. उडी मारून चेंडू हाणला आणि खाली उतरली ती एका पायावर, पाय ताठ, गुडघा आत वळलेला. कट्ट असा आवाज आला. तिला आला, जाळीपलीकडच्या पोरीला आला, आणि बाकावर बसलेल्या तुला तेवढा आला नाही? मग तू केलास तो आपल्या बाबांचा इलाज. गरम मलम चोळलंस, टाच धरून पाय ओढलास, पट्टा परत चढवलास आणि दुसऱ्या डावाला उभी केलीस. तासाभरात गुडघ्याचा भोपळा झाला. पट्टा माझ्या हातचा होता म्हणून पाय निदान जागेवर राहिला. अकरा वर्षं कारखान्यात गुडघ्याचे आणि घोट्याचे पट्टे शिवतेय मी. माझी शिवण उसवत नाही. पोर वाचली ती माझ्या पट्ट्यामुळे, तुझ्यामुळे नाही.

हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रेत हाड शाबूत आहे. पण त्यांनी पाय वाकवून नडगी दोन्ही हातांत धरली, हळूच पुढे ओढून बघितली, आणि त्यांचं तोंड उतरलं. आतला लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, तुटलेली दिसते म्हणाले. एमआरआय काढायचाय. आवाज आला, तासा-दोन तासांत सूज चढली, पाय टेकवेना, गुडघा दगा देऊ लागला, यातलं एक जरी दिसलं तरी खेळ तिथल्या तिथे थांबवायचा. फडक्यात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. बांधायचं ते हलकं. पाय उशीवर उंच. आणि सरळ डॉक्टर. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही, ओढणं तर नाहीच नाही. हे त्यांनी मला शिकवलं. शिट्टी तुझ्या गळ्यात आणि अक्कल मला!

आता ऐक. तिचे वडील गेल्यावर मी पोर तुझ्या घरी ठेवली, खेळेल, मोठी होईल म्हणून. तू तिचा पाय घेतलास, मी तुझी शिट्टी घेणार. तुझ्या क्लबची कमिटी २६ तारखेला बसते, तूच मागे फुशारकीनं सांगितलं होतंस. तिथे माझा कागद येणार. भाऊ आहेस म्हणून एक अक्षर कमी लिहिणार नाही, दोन जास्त लिहीन.

लोभ असावा लिहायची पद्धत आहे. माझा लोभ सध्या पोरीच्या उशाशी बसलाय, त्याला उठायला वेळ नाही.

ताई


दि. ८ मार्च, रविवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. मी दोनदा वाचले. हिने एकदाच वाचले आणि माझ्याशी बोलणे बंद केले. तेव्हा तुझा अर्धा सूड टपाल पोचताच उगवला गेला आहे.

आवाज मी ऐकला होता. बुटाचा असेल असं वाटलं. खरं सांगायचं तर वाटून घेतलं. निवडीचा सामना होता, पुढच्या फळीत तिच्याइतकी उंच दुसरी कोणी नव्हती, आणि मी विचारलं तेव्हा टिटवीनं मान हलवली की खेळते. सतरा वर्षांची पोर मामापुढे दुसरं काय करणार? ते विचारणं नव्हतं, हे आता कळतंय.

बाबांचा इलाज म्हणतेस. मला दुसरा कोणी शिकवला होता? जन्मभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस. लचकलं की ओढायचं, आवळायचं, कामाला लागायचं. सोळाव्या वर्षी माझा गुडघा गेला तेव्हा त्यांनी तो असाच ओढला, आणि माझे खांदे जमिनीला दाबून धरणारी तूच होतीस. दुसऱ्या दिवशी मी लंगडत धावलो आणि सगळे म्हणाले, बघा, बरा झाला. तो गुडघा अजून जिना उतरताना सटकतो. मी कठडा धरून सावकाश उतरतो. पोरींना वाटतं, सर रुबाबात उतरतात.

एक विचारायचं आहे. तो पट्टा महिनाभर तिच्या पायात होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, आईनं हौसेनं शिवलाय. हौसेचा पट्टा रोज कोण बांधतं, ताई?

शिट्टी घ्यायची तर घे. एकदा टिटवीला माझ्याशी बोलू दे.

तुझा लोभ उशाशीच राहू दे. तिथे त्याचं जास्त काम आहे.

तुझा
धाकटा


दि. १२ मार्च, गुरुवार

चि. धाकट्यास आशीर्वाद, मागच्यापेक्षा कमीच.

एमआरआय आला. दोरी पूर्ण तुटलीय. आधी सूज उतरवायची, मांडीत ताकद आणायची, मग ऑपरेशन, आणि नंतर नऊ महिने ते वर्ष. तेव्हासुद्धा आधीसारखी उडी मारेल का, याचा शब्द कोणी देत नाही. तुझी निवड झाली का रे? पेढा वाटलास की नाही?

फिजिओच्या मॅडम टिटवीला रोज पाय ताठ ठेवून उचलायला लावतात. काडीसारखी बाई, पण जीभ माझ्यासारखीच. त्या म्हणाल्या, खेळाआधी पंधरा मिनिटं अंग गरम करायचं. नुसतं उडायला शिकवून भागत नाही, उतरायला शिकवावं लागतं. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघा पावलाच्या रेषेत, आत पडू द्यायचा नाही. मांडी आणि कुल्ले मजबूत करायचे. आठवड्यात एक दिवस पायांना सुट्टी. तुझ्याकडे सुट्टी म्हणजे आळस, होय ना? बाबांचा मुलगा शोभतोस.

आणि ऐक, त्यांनी तिचा दुसरा गुडघाही दाबून बघितला आणि म्हणाल्या, दोन्ही गुडघ्यांच्या वाटीखाली आधीपासून दुखत असणार. महिनाभर! जिना उतरताना कळ, सकाळी आखडलेपण, सराव सुरू झाला की बरं वाटायचं, संपला की परत ठणका. ही धोक्याची घंटा असते म्हणे. दुखऱ्या, थकल्या पायानं पोर वेडीवाकडी उतरते आणि मग असं होतं. महिनाभर पोर जिन्यावर कळवळत होती, तुझ्याच घरात, आणि तुला दिसलं नाही? डोळे काय खुंटीला टांगले होते?

पट्ट्याचं मला विचारू नकोस. विषय बदलू नकोस. आणि खांदे धरले म्हणतोस, तर धरले. बाबांनी सांगितलं आणि धरले. मी वीस वर्षांची होते, कमिटीवर नव्हते.

कागद लिहून झाला. शेजारच्या बाईंनी, शाळेत शिकवतात त्यांनी, शुद्ध करून दिला. पहिलंच वाक्य असं आहे: हे प्रशिक्षक मुलींना दुखणं लपवून खेळायला लावतात. बाई म्हणाल्या, वाक्य कडक आहे. मी म्हटलं, तसंच राहू द्या.

टिटवी तुझ्याशी बोलायला मागते. मी नाही म्हटलं. रडली. रडू दे.

ताई


दि. १७ मार्च, मंगळवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

टिटवीची ट्रंक पाठवायची म्हणून हिने रिकामी केली. तळाला, खेळाच्या मोज्यांत, सोबतची चिठ्ठी निघाली. हिने ती माझ्या हातात दिली आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, तुम्ही दोघं भावंडं एकाच भट्टीतली.

नक्कल ठेवलेली नाही. तुझ्या कागदाला टाचायची की चुलीत घालायची, ते तू ठरव. कमिटीपुढे मी या चिठ्ठीचं नाव काढणार नाही. माझी चूक माझीच आहे, चिठ्ठीनं ती कमी होत नाही.

तुझा
धाकटा

(सोबतची चिठ्ठी)

टिटवे, जिना उतरताना दुखतं लिहिलंस. एवढ्या उड्या मारल्यावर दुखणारच. तुझ्या मापाहून दोन बोटं आखूड पट्टा शिवलाय. चांगला आवळून बांध, घट्ट असला की सांधा टिकतो. मामाला सांगू नकोस. त्याला कळलं तर बाकावर बसवील तुला. एकदा निवड होऊ दे, मग काय दुखायचं ते दुखू दे. आई


दि. २० मार्च, शुक्रवार

चि. धाकट्यास आशीर्वाद. या वेळी रीतीचे नाहीत, पण गोडही नाहीत.

अक्षर माझंच. नाकारत नाही. बाकावर बसवील, असं मीच लिहिलं होतं. म्हणजे तुला कळलं असतं तर तू पोरीला थांबवलं असतंस, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर लपवायला सांगितलं. आणि तुलाच विचारलं, डोळे कुठे होते!

चुलीत नाही घातली.

आमच्या कारखान्यात प्रत्येक पट्ट्याच्या खोक्यात एक कागद घालतात. तो चार घड्या करून मीच घालते. अकरा वर्षांत हजारो घातले असतील, एकही वाचला नाही. काल जेवणाच्या सुट्टीत, एलॅस्टिकच्या गुंडाळ्यावर बसून, बोट ठेवून ठेवून वाचला. माप घेऊनच पट्टा निवडा. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं. मुंग्या आल्या, बोटं गार पडली, निळी पडली तर लगेच काढा. दुखणं राहिलं, सूज आली तर डॉक्टरकडे जा. आणि खाली जाड अक्षरात, की पट्ट्यानं सांधा बरा होत नाही. शेजारच्या मशीनवालीनं विचारलं, काय गं, कोणाचं पत्र? मी म्हटलं, माझंच, अकरा वर्षं उशिरा पोचलं.

टिटवीच्या पट्ट्याला खोकं नव्हतं. घरी येऊन तिला विचारलं, मुंग्या यायच्या का? रोज यायच्या म्हणाली, सरावाच्या शेवटी पाऊल बधिर व्हायचं. तिला वाटायचं, सोसणं म्हणतात ते हेच. मी पट्टा उसवायला घेतला. पाऊण तास लागला. माझी शिवण उसवत नाही म्हटलं होतं ना? दोन सुया मोडल्या.

आता हुरळून जाऊ नकोस, की ताई सापडली, मी सुटलो. राग अर्धा झालेला नाही. तेवढाच आहे, फक्त आता दोघांना पुरवायचाय. कागद परत लिहिलाय. पहिलं वाक्य तेच आहे, पण लपवायला लावणाऱ्यांत माझं नाव वर आणि तुझं खाली, आणि चिठ्ठी टाचलीय. बाई म्हणाल्या, स्वतःविरुद्ध कोणी तक्रार करतं का? मी म्हटलं, आमच्या घरात सगळं उलटंच करतात.

शिट्टी काढून घ्या, एवढी ओळ अजून रिकामी ठेवलीय. ती भरायची की नाही ते तुझ्या हातात आहे. सोबत खोक्यातला कागद पाठवतेय. तो मैदानाच्या दारावर लाव आणि सगळ्या पोरींना त्यांच्या आयांसकट उभं करून मोठ्यानं वाच. आयांसकट, कारण माझ्यासारख्या आणखी असतील. पोरींना आधी उतरायला शिकव, मग उडायला. बाकावर बसणं ही शिक्षा नाही, हे त्यांच्या डोक्यात घाल. टिटवीला मी उद्या तुझ्याशी बोलू देतेय. तिला परत तुझ्याकडेच खेळायचंय, वर्षानं का होईना. मूर्ख आहे, आपल्यावर गेलीय.

आणि आता माझा सूड. तू सोळा वर्षांचा असताना कुंपणावरून उडी मारलीस आणि पडलास, तेव्हा मी दारात उभी होते. तुझ्या गुडघ्याचा कट्ट असा आवाज मी ऐकला. बोलले नाही. बोलले असते तर बाबा म्हणाले असते, पोराला नाजूक करतेस. फांदी मोडली असेल, असं मीही वाटून घेतलं आणि तुझे खांदे धरले. अठ्ठावीस वर्षं तू कठडा धरून उतरतोयस आणि मी तुला रुबाबदार म्हणतेय. तर आता तो गुडघा घेऊन तू डॉक्टरकडे जायचं. ते नडगी पुढे ओढतील तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, आणि मी शेजारी उभी असणार बघायला. या वेळी खांदे धरणार नाही. पळालास तर रिकामी ओळ भरते.

कमिटी गुरुवारी बसते. बुधवारी, २५ तारखेला, संध्याकाळच्या टपालाच्या आत उत्तर माझ्या हातात पाहिजे: कोणता डॉक्टर, कोणता वार, किती वाजता. आणि कुंपणावरून पडलास त्या दिवशी गुडघ्याचा आवाज तुलाही आला होता का, तेही लिही. बुधवारपर्यंत.

ताई