शिट्टीखालचा कॉक

ता. समुद्रपूर, जि. वर्धा
१९ जानेवारी २०२५

प्रिय रजतभाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नका, आई बऱ्या आहेत. तुम्ही फोन उचलत नाही, मेसेज वाचून ठेवून देता, म्हणून तुमचा चाकणचा पत्ता शोधून लिहायला बसले. पाकीट तरी उघडाल.

इकडे थंडी चांगली पडली आहे. हळदीची पानं वाळली, आता खोदणी सुरू होईल. यंदा कंद भरलेत. आईंचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. काल शेजारणीशी कडाकडा भांडल्या आणि तासाभरानं तिलाच वांग्याची भाजी देऊन आल्या.

आता कामाचं. मी नवीन बॉयलर घेतला आहे. हो, हळद शिजवायचाच. ट्रॉलीवरचा, कमी दाबाचा, गेल्या शिमग्याच्या आधी तानबाकाकांच्या शेतात फुटला आणि तुमच्या दादांना घेऊन गेला, तसलाच. वर्ध्याला जाऊन चालवायचं नीट शिकून आले. यंदा शेतोशेती मीच फिरवणार. सगळे म्हणाले, शिवणाचं मशीन घे. शिवणकामाचा मला पहिल्यापासून कंटाळा. भट्टीत कपाशीची वाळकी पराटी घालायची, कंदात काडी टोचून शिजला का बघायचं, हे मी ह्यांच्याबरोबर केलं आहे आणि मला ते येतं. घरात बसून राहिले तर वेड लागेल मला.

गावात यावर बोलायचं ते बोलून झालं. तानबाकाकांनी मात्र नावं ठेवली नाहीत. त्या दिवशीची सांडलेली, बाभळीवर जाऊन अडकलेली सगळी हळद त्यांनी वेचली होती आणि न विकता बांधाजवळ पुरली, हे तुम्हाला माहीत नसेल. यंदा पहिली हळद माझीच शिजव, एवढंच त्यांनी सांगितलं.

बॉयलरबरोबर आलेली शिट्टी मला पटेना. (सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणायला शिकवलंय, पण तोंडात शिट्टीच बसली आहे.) म्हणून नवी आणायला नागपूरला गेले. दुकानात जाऊन म्हटलं, अर्धा इंची द्या. जसं काही बाजारात पावशेर मिरच्या मागतेय! म्हातारा दुकानदार म्हणाला, "बाई, पाइपाच्या मापावर शिट्टी घेत नसतात. तुमचा बॉयलर तासाला वाफ किती करते? दाब कितीवर चालते?" परत आले, बॉयलरवरची पाटी पुसून वाचली आणि पुन्हा गेले. एक किलोच्या दाबापलीकडे तो न्यायचाच नाही, म्हणून शिट्टी त्याच्या आतच उघडली पाहिजे. आणि बाकीची सगळी तोंडं बंद असली, खाली पराटी धडधडत असली, तरी होणारी सगळी वाफ त्या एकट्या शिट्टीतून बाहेर पडली पाहिजे. तशी मिळाली. दाब लावून सील केलेली आहे.

बसवायला तुम्हाला बोलवायचं नव्हतं. खरं तेच लिहिते. म्हणून हिंगणघाटच्या चंदन फिटरला बोलावलं.

हात चांगला आहे त्याचा. शिट्टी उभीच बसली पाहिजे हे त्याला ठाऊक होतं. वाफ बाहेर नेणारा पाइप शिट्टीच्या तोंडाएवढाच रुंद ठेवला, माणसांच्या उलट्या बाजूला वळवला, त्याचा भार शिट्टीवर येऊ नये म्हणून त्याला वेगळा टेका दिला. मी समाधानानं चहा ठेवायला आत गेले. परत येते तर बॉयलर आणि शिट्टीच्या मधे तो पितळी कॉक बसवत होता.

"हे काऊन लावून राह्यले तुम्ही?" मी ओरडलेच.

"ताई, शिट्टी गळाली का कॉक बंद करून साफ करता येते. बॉयलर थंडा कराची गरज नाई. सगळेच लावते."

कप माझ्या हातातून पडले. आई धावत आल्या. त्याला काही कळेना, बिचारा पुन्हा पुन्हा "काय झालं जी, काय झालं" विचारत होता. मी त्याला सगळं काढायला लावलं आणि पाठवून दिलं.

भाऊजी, शब्दन् शब्द तोच होता. तुम्ही दादांना अंगणात बसून हेच समजावलं होतं. सोय म्हणूनच लावला होता तुम्ही त्या जुन्या बॉयलरला तो कॉक, मला माहीत आहे. आणि फिरवला ह्यांनी, तेही माहीत आहे. तानबाकाकांनी मला सांगितलं. ट्रॅक्टरांची रांग लागली होती, शिट्टी सारखी सुटत होती, लोक हसत होते की धनंजयची भट्टी शिजवते कमी आणि फुसफुसते जास्त. ह्यांनी तेवढ्यापुरता कॉक बंद केला. मग कुणीतरी बोलण्यात गुंतवलं आणि उघडायचं राहून गेलं. मी चार पावलांवर ताडपत्रीवर हळद पसरत होते, माझी पाठ होती.

आई म्हणतात, "त्याले लिही का माफ केलं, मंग येईन तो. माह्या दोन पोरांतला एक गेला, आन दुसरा असून नाई." आईंसाठी तसं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. सकाळी मला तुमचा राग येतो, दुपारी ह्यांचा येतो. संध्याकाळी कुणाचाच येत नाही, नुसती ह्यांची आठवण येते आणि रडू आवरत नाही. अशा बाईनं माफीचं काय लिहायचं?

चंदन वाईट माणूस नाही. त्याला भीती माहीत नाही, एवढंच. त्याच्यासारखा दुसरा शोधला तर तोही म्हणेल, सगळेच लावतात. ह्या जिल्ह्यात, ह्या जगात म्हणा, बॉयलर आणि शिट्टीच्या मधे बोटभर वस्तू ठेवायला ज्याचा हात थरथरेल असा मला एकच माणूस ठाऊक आहे. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तो न जेवता एसटीत बसून निघून गेला.

खोदणी संपली की मी दिवसभर त्या शिट्टीशेजारी उभी असणार. रोज तिची दांडी उचलून वाफ सुटते का बघणार. ती तुमच्या हातानं बसलेली हवी मला.

माफी मागायला येऊ नका, ती माझ्याकडे अजून नाही. पाने-पक्कड घेऊन या.

हे नसले तरी तुमची वहिनीच,
छाया