राजीनामा म्हंजे काय, भाऊजी?

बाबा,

परवा तुमच्या पणतवाची मोटरसायकल इथं भिलाईत सुपेल्याच्या चौकात एका रिक्षाला घासली. पोलीस ठाण्यातून हसतच घरी आला आणि म्हणाला, "टेन्शन नको घेऊ आजी, राजीनामा हो गया." माझी तव्यावरची पोळी करपली. त्याला काय ठाऊक! इथल्या हिंदीत राजीनामा म्हणजे समझोता, भांडण मिटलं. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे काम सोडलं. या दोन अर्थांच्या मधे तुम्ही माझ्या मावशीला, तुमच्या स्वतःच्या मेहुणीला, उभं केलंत. तुम्हांला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, पण माझा राग काही जात नाही.

इथला पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही एका ठेकेदाराकडे मुन्शी. आईची ही धाकटी बहीण नवरा मेल्यावर वैनगंगेकडच्या गावातून आपल्याकडे आली आणि त्याच ठेकेदाराकडे रेजा, म्हणजे बाईमजूर, म्हणून लागली. दिवसभर डोक्यावर गिट्टीचं घमेलं, लुगड्यात लाल धूळ, तरी संध्याकाळी माझ्यासाठी ओटीत बोरं आणायचीच. एक दिवस लेबर इन्स्पेक्टर ठेकेदाराला झापून गेला. कायदा आहे म्हणे, की मजुरीचा दर, पगाराचा दिवस, सुट्टीचा दिवस, सगळं मजुरांना समजेल अशा भाषेत पाटीवर लिहून बाहेर लावायचं. ती पाटी तुम्ही आपल्याच अंगणात रंगवलीत, काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं, हिंदीतून. काय अक्षर होतं हो तुमचं! मला शेजारी बसवून एकेक ओळ वाचून घेतलीत, वेलांटी चुकली की डोक्यात टपली. मावशी तिकडे भांडी घासत होती. तिचा राखेचा हात थांबला. "काय म्हनलं पोरी? बाईमानसाले किती? पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. "अगं माय! आमाले तं येवढे कधीच नाही भेटले. भाऊजी, पाटीवर येक अन् हातावर येक, असं कावून?" तुम्ही ब्रश धुवायला उठलात.

अंगठाछाप बाया, वाचणार कोण, असं ठेकेदाराला वाटलं असणार. पण आठवड्याच्या आत मावशीच्या टोळीतल्या साऱ्या बाया घमेली पालथी घालून त्या पाटीखाली बसल्या. दोन दिवस उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रविवार होता, तुम्ही भर दुपारी एक कागद आणि शाईची उशी घेऊन घरी आलात. बाकीच्यांचे अंगठे सकाळीच झाले होते. त्या इथल्या, छत्तीसगढी. राजीनामा शब्द ऐकूनच ठेकेदार नमला म्हणून खूश झाल्या होत्या. मावशी मात्र आपल्याकडची. तिनं विचारलंच, "राजीनामा म्हंजे काय, भाऊजी? आपल्या गावात तं काम सोडलं की राजीनामा म्हन्तात." आणि तुम्ही, बाबा, तिच्या तोंडाकडे बघत म्हणालात, "तुले समजून नाही राहिलं का? हे भिलाई होय. इथं राजीनामा म्हंजे समझोता. पाटीवरची रोजी भेटन आता. लाव अंगठा." तिनं लावला.

सोमवारी हजेरीत एकीचंही नाव पुकारलं नाही. "तुम लोगों ने ही तो लिख के दिया, काम छोड़ रहे हैं," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. पुढं इन्स्पेक्टर आला तेव्हा त्याला पाटी दाखवली, अंगठे दाखवले, आणि तो सही करून गेला. सगळं कायद्याप्रमाणे! मावशी त्या सोमवारी घरी आली ती गाठोडं बांधायलाच बसली. आईच कडाडली, "केसानं गळा कापला तुमी माह्या बहिनीचा!" तुम्ही भात कालवत म्हणालात, "मी खोटं काय लिहिलं? शब्दाचा अर्थ तिलेच आधी सुचला होता." आग लागो असल्या शहाणपणाला. मावशी गावी परतली, जन्मभर दिराच्या दारात राबली, माझ्या लग्नालाही आली नाही. तुमची मुन्शीगिरी टिकली आणि तिच्यावरच मी शिकले. नोकरी जाईल म्हणून तुम्ही घाबरला होता, हे आज मला कळतं. घाबरायचं होतं तर घाबरायचं, पण घरच्या बाईला तरी खरं सांगायचं होतं. ठेकेदार परका, त्याच्याकडून अपेक्षा कसली? तुमच्यावर तिनं विश्वास टाकला होता. मीही टाकला होता, बाबा.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, फाडून चुलीत घालीन. कारण एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही. अंगठा लावायच्या आधी मावशीनं तो कागद माझ्यापुढं धरला होता. "तू वाच बाई, तुह्यावर भरोसा हाय माहा." खालच्या ओळीत तुमच्या त्या सुरेख अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं, 'अपनी खुशी से काम छोड़ रहे हैं.' मी ती ओळ वाचली, मनातल्या मनात. मग तुमच्याकडे पाहिलं. आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा म्हन्तात तेच हाय, मावशी."